वळणावरचा उजेड

जबलपूरच्या गढ्यातून मदनमहालच्या टेकडीकडे वर चढू लागलं की वाटेत ते दोन दगड भेटतात. एक प्रचंड धोंडा दुसऱ्यावर जेमतेम टेकलेला. आता पडेल, मग पडेल असं वाटत राहतं आणि तो पडत नाही. दगड ग्रॅनाइटचा. त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक असतं हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्या स्फटिकांत अणू कोणत्या नक्षीनं मांडलेत, हे बघायचं तर साधा उजेड कामाचा नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर चार ते सात हजार अँगस्ट्रॉम लांबीची, आणि अणूअणूंमधलं अंतर दोन-तीन अँगस्ट्रॉमचं. सुतळीनं सुई ओवायला बसण्यातला हा प्रकार. त्याला क्ष-किरणच हवेत, तेही भरपूर, आणि हवी ती तरंगलांबी निवडून घेता येईल असे.

असा दिवा भारतात एकाच आवारात जळतो, आणि त्यासाठी जबलपूरकरांना राज्याबाहेर जावं लागत नाही. रात्री ओव्हरनाइट एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी इंदूरला उतरायचं. रिक्षावाल्याला ‘राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र’ असं लांबलचक सांगण्यापेक्षा ‘कॅट’ म्हटलेलं बरं. ‘सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी’ या मूळ नावाचं हे लघुरूप 2005 मध्ये संस्थेचं नाव बदलल्यावरही इंदूरकरांच्या तोंडून गेलेलं नाही.

या केंद्राची कोनशिला 19 फेब्रुवारी 1984 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बसली. पुढे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून शास्त्रज्ञांची तुकडी इथे आली. पहिले संचालक डॉ. दिलीप देवीदास भवाळकर हे लेसरमधले जाणकार, आणि जन्मानं सागरचे. सागरचा आणि गढ्याचा संबंध जुना आहे: 1781 मध्ये गढा-मंडल्याचं राज्य घेतलं ते सागरच्या मराठ्यांनी. दोनशे वर्षांनी सागरच्याच एका मराठी माणसानं माळव्यात जे उभारलं, त्याला मात्र तट-बुरूज नव्हते. पोकळ नळ्यांची आणि चुंबकांची कडी होती.

या कड्यांत जो उजेड तयार होतो, तो पहिल्यांदा दिसला 24 एप्रिल 1947 रोजी, अमेरिकेत स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत. तिथल्या यंत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांची ऊर्जा वाढवली जाई. यंत्राची नळी पारदर्शक होती, म्हणून आतली लखलखीत ठिणगी दिसली. आधी ती विजेची गळती वाटली. नंतर उलगडलं की वळणावर इलेक्ट्रॉनच प्रकाश फेकताहेत. यंत्र बांधणाऱ्यांच्या दृष्टीनं हे नुकसानच होतं. कष्टानं चढवलेली ऊर्जा वळणावळणावर सांडत होती. ही सांडलवंड म्हणजेच सिंक्रोट्रॉन प्रारण. ते गोळा करण्यासाठीच यंत्रं बांधावीत, हे शहाणपण यायला पुढे काही दशकं गेली.

मडगार्ड नसलेली सायकल पावसात चालवलेल्याला हे चटकन कळेल. चाकावरचं पाणी रिमच्या कडेनं सरळ रेषेत सुटतं आणि पाठीवर चिखलाची रेघ उठते. इलेक्ट्रॉनांचा प्रकाशही असाच वळणाच्या स्पर्शरेषेत सुटतो. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाला इतका भिडलेला असतो की हा झोत अतिशय निमुळता होतो. इंदूरच्या मोठ्या कड्यात दहा मीटर अंतरावरही तो मध्यापासून वर-खाली जेमतेम दोन मिलिमीटर फाकतो.

केंद्रात अशी दोन कडी आहेत. इंडस-1 हे 1999 मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं. घेर सुमारे 19 मीटर, ऊर्जा 450 एमईव्ही म्हणजे 45 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याचा उजेड मुख्यतः अतिनील आणि सौम्य क्ष-किरणांचा. इंडस-2 चा घेर 172 मीटर आणि ऊर्जा 250 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हे कडं डिसेंबर 2005 मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. दोघांचा स्वयंपाक मात्र एकाच चुलीवर होतो. मायक्रोट्रॉन इलेक्ट्रॉनांना 20 एमईव्हीपर्यंत आणतो, मग बूस्टर त्यांना आणखी चढवून लहान किंवा मोठ्या कड्यात सोडतो. मोठ्या कड्यात ते 550 एमईव्हीला शिरतात आणि बाकीची चढण तिथेच चढतात.

तिथून पुढे ते तासन्‌तास फिरत राहतात, सेकंदाला सतरा लाखांवर फेऱ्या. वाटेत हवेचे रेणू आडवे येऊ नयेत म्हणून नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख-कोटीव्या भागाच्या आसपास ठेवलेला असतो. दर फेरीला प्रत्येक इलेक्ट्रॉन सहा लाखांवर इलेक्ट्रॉन-व्होल्ट प्रकाशरूपानं गमावतो, आणि रेडिओ-लहरींचे कक्ष त्याला तेवढी शिदोरी पुन्हा देतात. या लहरींसाठी आधी क्लायस्ट्रॉन नळ्या वापरत. त्यांची जागा पुढे केंद्रातच घडवलेल्या सॉलिड-स्टेट ॲम्प्लिफायरांनी घेतली. परक्या सुट्या भागावाचून यंत्र अडून राहू नये, याचं मोल प्रयोगासाठी ताटकळणाऱ्यांना विचारावं.

कड्याभोवती जिथे जिथे उजेड बाहेर काढला आहे तिथे बीमलाइन आहेत, आणि दर बीमलाइनचं काम वेगळं. एकीवर दगडाची किंवा धातूची भुकटी ठेवतात आणि क्ष-किरणांच्या विखुरण्यातून अणूंची मांडणी काढतात. दुसरीवर एकाच मूलद्रव्याला विचारतात, तुझे शेजारी कोण आणि किती अंतरावर? उत्प्रेरक, बॅटरी, काच अशा पदार्थांत हाच प्रश्न कळीचा असतो. तिसरीवर नमुन्यात दशलक्षात काही कण असलेली मूलद्रव्यंही ओळखू येतात. आणखी एकीवर प्रथिनांचे स्फटिक ठेवतात. रायबोसोम या पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्याचा आराखडा परदेशांतल्या अशाच बीमलाइनवर उलगडला आणि 2009 चं रसायनशास्त्राचं नोबेल वेंकी रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळालं.

जबलपूरकरांच्या जिव्हाळ्याचा आणखी एक उपयोग आहे. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर 1828 मध्ये कॅप्टन स्लीमनला डायनोसॉरची हाडं सापडली. त्यांवरूनच 1877 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लिडेकरनं ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं. त्या काळी हाड बघायचं तर छिन्नी घेऊन खडक फोडावा लागे. आज फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर खडकाला धक्का न लावता आतल्या जीवाश्माचं थरावर थर चित्र घेता येतं.

ग्रेनोबलचं नाव आलं म्हणून स्पष्टच बोलायला हवं. तिथल्या कड्याचा घेर 844 मीटर, ऊर्जा आपल्या दुपटीहून जास्त आणि झोत कितीतरी पटींनी प्रखर. स्वीडनच्या लुंडमध्ये 2016 मध्ये नव्या पिढीचं यंत्र सुरू झालं. आपल्याच देशानं इटलीतल्या त्रिएस्ते आणि जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनवर भारतीयांसाठी जागा मिळवली आहे, कारण काही प्रयोगांना इंदूरचा उजेड पुरत नाही. इंडस-2 जगातलं पहिल्या रांगेतलं यंत्र नाही. पण ते इथे बांधलं, इथे बिघडलं आणि इथल्याच हातांनी दुरुस्त झालं. पुढचं, अधिक प्रखर कडं बांधायचं झालं तर ते हात आधीच तयार आहेत, हीच त्याची खरी कमाई.

दुसरी कमाई हवी तर आपण करून घ्यायची आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना इंदूरच्या बीमलाइनवरचा वेळ, म्हणजे बीम टाइम, मोफत मिळतो. प्रस्ताव पाठवावा लागतो, तो तज्ज्ञ तपासतात, आणि प्रश्न पक्का असेल तर तारीख मिळते. जबलपूरच्या प्राध्यापकांनी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नर्मदेची माती घ्यावी, लम्हेटाघाटचा खडक घ्यावा, नाहीतर त्या डगमगत्या धोंड्याची चिमूटभर भुकटी घ्यावी. आधी प्रश्न मात्र नीट लिहून काढावा. गाडी रोज रात्री सुटते.