मासिक पाळीतील अर्धशिशी

मासिक पाळीतील अर्धशिशी हा स्त्रियांच्या ऋतुचक्राशी निगडित असलेला तीव्र डोकेदुखीचा प्रकार आहे. आयुर्वेदातील ‘अर्धावभेदक’ या नावाप्रमाणेच ‘अर्धशिशी’ या शब्दातही अर्ध्या डोक्याचे दुखणे सूचित होते. प्रत्यक्षात वेदना दोन्ही बाजूंना असू शकते. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणानुसार रक्तस्राव सुरू होण्यापूर्वीचे दोन दिवस आणि पाळीचे पहिले तीन दिवस, अशा पाच दिवसांच्या काळात तीनपैकी किमान दोन चक्रांत झटका आल्यास हे निदान केले जाते. एरवी झटका मुळीच येत नसेल, तर तिला ‘शुद्ध’ पाळीची अर्धशिशी म्हणतात. इतर दिवसांतही झटके येणाऱ्या स्त्रियांची संख्या अधिक असते. पाळीच्या सुमारास येणारे झटके इतर झटक्यांपेक्षा जास्त वेळ टिकतात, औषधाला कमी दाद देतात आणि उतरल्यावर पुन्हा उलटतात.

कारण

ऑस्ट्रेलियन चेताविकारतज्ज्ञ ब्रायन सॉमरव्हिल यांनी 1970च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून या दुखण्याचा मूळ दुवा सापडला. पाळीपूर्वी प्रोजेस्टेरॉन दिले असता रक्तस्राव लांबला. डोकेदुखी मात्र बहुतेकींना ठरल्या वेळी झाली. इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा प्रमुख प्रकार) दिले असता याच्या उलट घडले. पाळी वेळेवर आली आणि डोकेदुखी पुढे ढकलली गेली. यावरून झटक्याला कारणीभूत ठरते ती इस्ट्रोजेनची पातळी कमी असणे नव्हे, तर काही दिवस चढी राहिलेली पातळी एकदम घसरणे, असा निष्कर्ष निघाला. गर्भाशयाच्या अस्तरातून पाझरणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्येही वेदनेत भर घालतात.

संप्रेरक चाचणीचे स्थान

दुखणे संप्रेरकांमुळे होते, तेव्हा रक्त तपासले की ते सापडेल, अशी समजूत स्वाभाविक आहे; पण ती बरोबर नाही. निरोगी स्त्रीच्या रक्तातील इस्ट्रॅडिऑल एकाच चक्रात अनेक पटींनी चढते-उतरते. एका दिवशी घेतलेला नमुना त्या दिवसाची पातळी सांगतो, घसरणीचा वेग सांगत नाही. या विकाराच्या बहुतेक रुग्णांचे अहवाल ‘सामान्य’ येतात. अशा अहवालावरून वेदना खोटी किंवा मानसिक ठरवणे ही त्यामुळे वैद्यकीय चूकच होय. अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोजच्या लघवीचे नमुने तपासले गेले. त्यात अर्धशिशी असलेल्या स्त्रियांमध्ये चक्राच्या उत्तरार्धातील इस्ट्रोजेनची घसरण इतरांपेक्षा वेगवान आढळली. असे दैनंदिन मापन संशोधनात शक्य असले, तरी नेहमीच्या उपचारात ते केले जात नाही. लाळेतील संप्रेरकांच्या चाचणीलाही या निदानात स्थान नाही.

निदानाचे खरे साधन म्हणजे नोंद. किमान तीन चक्रे पाळीचा पहिला दिवस, डोके दुखलेले दिवस आणि घेतलेल्या गोळ्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिपल्या तरी पुरते. पाळीविषयी घरात मोकळेपणाने बोलले जात नाही, तेथे या खुणा डॉक्टरांसमोर रुग्णाची बाजूही मांडतात. रक्तचाचणीची गरज वेगळ्या प्रसंगी पडते. पाळी अनियमित असेल वा थांबली असेल, किंवा स्तनातून अकारण दूध येत असेल, तर थायरॉइड व प्रोलॅक्टिनची तपासणी करतात, कारण पीयूषिका ग्रंथीच्या गाठीमुळेही डोके दुखू शकते.

उपचार

झटका येताच नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामके किंवा ट्रिप्टान गटातील औषधे देतात. पाळी नियमित असल्यास हीच औषधे अपेक्षित तारखेच्या दोन दिवस आधीपासून काही दिवस घेता येतात. शरीरात दीर्घकाळ टिकणारे फ्रोव्हाट्रिप्टान यासाठी विशेष वापरले जाते. पुष्कळ स्त्रियांना एवढे पुरते आणि संप्रेरकांकडे वळावे लागत नाही.

संप्रेरक उपचाराचा हेतू कमतरता भरून काढण्याचा नसून घसरण टाळण्याचा असतो. पाळीच्या सुमारास त्वचेवर इस्ट्रॅडिऑलचे जेल लावल्यास त्या दिवसांतले झटके कमी होतात, परंतु जेल थांबवल्यावर घसरण होऊन दुखणे काही दिवसांनी परतू शकते. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या मधली सुट्टी न घेता सलग दिल्यास चक्रच थांबते. मात्र झटक्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा किंवा आंधळा ठिपका दिसत असेल (या लक्षणाला ‘ऑरा’ म्हणतात), तर इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार त्या देऊ नयेत. म्हणून गोळी लिहून देण्यापूर्वी ऑराविषयी विचारणे रक्ताच्या कोणत्याही अहवालापेक्षा महत्त्वाचे ठरते. अशा स्त्रियांसाठी केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळीचा पर्याय असतो.

रजोनिवृत्तीपूर्वीच्या काळात चढउतार अनियमित झाल्याने त्रास बहुधा वाढतो व पाळी कायमची थांबल्यावर अनेकींचा कमी होतो. अंडाशय काढून टाकणे हा मात्र या दुखण्यावरील उपाय नाही; त्या शस्त्रक्रियेनंतर इस्ट्रोजेन अचानक नाहीसे होते आणि अर्धशिशी बळावू शकते.