शनिवारी थांबणारा घाणा

जूनअखेरीस बडोद्यात सूर्य साडेसातच्या जरा आधी मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहा वाजायच्या आतच. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, पाळणाऱ्या बेने इस्राएल या मराठी यहुदी ज्ञातीतल्या घराला शुक्रवारी हा फरक मिनिटांनिशी ठाऊक असावा लागतो. सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी शब्बाथचा दिवा लागला पाहिजे. सूर्य गेला की काडी ओढायची नाही. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत चूल नाही, धंदा नाही, प्रवास नाही.

रोजच्या तीन प्रार्थनाही उन्हाच्याच हिशेबानं होतात: सकाळी शहारित, दुपारनंतर मिन्हा, रात्री अर्वित. आपल्याकडे राहुकाळ काढताना दिनमानाचे आठ भाग पाडतात, तसे यहुदी शास्त्रात बारा पाडतात आणि त्या एका भागाला तास म्हणतात. बडोद्यात हा तास जूनमध्ये सुमारे ६७ मिनिटांचा, डिसेंबरात ५४ मिनिटांचा. सकाळचा 'शेमा', म्हणजे यहुद्यांची मुख्य प्रार्थना, तिसरा तास संपायच्या आत म्हणायची असते.

हे गणित कोकणातल्या बेने इस्राएलांजवळ एके काळी नव्हतं. त्यांच्या परंपरेनुसार नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू विसरली, राहिला तो एक शेमा. जन्म असो, लग्न असो की मरण, तोच म्हणायचे. सणांना मराठी नावं पडली: नव्याचा सण, खिरीचा सण. आडनावं गावांवरून आली: दिवेकर, राजपूरकर, केहीमकर. शनिवार मात्र सुटला नाही. तेल गाळणाऱ्या या लोकांचा घाणा त्या दिवशी फिरत नसे, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. ज्ञातीचं नावच धर्माच्या एका आज्ञेवरून पडावं, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पोथी नसताना हातांनी धर्म राखला, हे मला फार मोठं वाटतं.

पोथी पुढे परत आली. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत मांडवीला शाआर हारहमीम हे सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडल्याचं सांगतात. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. हिब्रू न येणाऱ्या आजीला आपण काय म्हणतो आहोत, ते त्यामुळे कळू लागलं. या माणसाचं नाव आपल्या भाषांतराच्या इतिहासात याहून वरच्या जागी हवं होतं.

पलटण आणि रेल्वेच्या नोकऱ्यांमागून बेने इस्राएल गुजरातेत गेले. तिथलं एकमेव सिनेगॉग म्हणजे अहमदाबादेत खमासा भागातलं मागेन अब्राहम, १९३४ सालचं. बडोद्याहून ते शंभरावर किलोमीटर दूर. इथेच खरी अडचण येते. नियम काटेकोर पाळायचा तर शब्बाथला वाहनात बसता येत नाही. म्हणजे शब्बाथच्या प्रार्थनेला जायचं तर शब्बाथच मोडतो. सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, म्हणजे मिन्यान, तेही बडोद्यात सहज कुठून जमणार? १९४८ च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास असलेली ही ज्ञाती पुढे बहुतेक इस्राएलला गेली. आज इथे काही हजारच उरली आहे. २०१८ मध्ये गुजरात सरकारनं यहुद्यांना धार्मिक अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण त्यानं दहावा माणूस मिळत नाही.

म्हणून बडोद्यातला शब्बाथ घरातच व्हायचा. किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वादाला, द्राक्षारस हवा. बेने इस्राएल त्यासाठी मनुकांचं सरबत करतात. काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, फुगल्या की हातानं कुस्करायच्या, फडक्यातून पिळून गाळायच्या. बोटांना तांबूस चिकटा लागतो, फडक्यात साली आणि बिया उरतात. पेला भरून ठेवतात, दिवा लागतो. प्रार्थनेला तोंड यरुशलेमकडे करायचं, आणि बडोद्याहून यरुशलेम पश्चिमेला आहे. सूर्य नुकताच गेला, त्याच अंगाला.