जखमेच्या तोंडाशी

कुत्रा चावलेलं पोर आलं की सिस्टर आधी साबण हातात घेतात, सुई नंतर. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नळाखाली लहानग्याची पोटरी धरली होती. आईनं जखमेत हळद-चुना भरून आणलेला. वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुणं चाललं. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं, ते साबणानं फुटतं. विषाणू मारायचा हा उपाय गावातल्या प्रत्येक मोरीत असतो, तरी लोक चुन्याची डबी शोधतात.

मग वजनकाटा. १५ किलो. दात रुतून रक्त आलेलं, म्हणजे चाव्याची तिसरी, सर्वांत गंभीर श्रेणी. नुसत्या लसीवर भागत नाही. लस टोचल्यावर अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो. तेवढ्यात विषाणू मज्जातंतू गाठू शकतो, म्हणून तयार प्रतिपिंडं जखमेतच सोडायची. पूर्वीपासूनचं सिरम घोड्याच्या रक्तातलं, किलोला ४० युनिट. इथं मात्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कुपी होती. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेसोबत विकसित केलेली ही एकाच साच्यातली प्रतिपिंडं २०१७ मध्ये बाजारात आली. विषाणू ज्या प्रथिनानं पेशीला चिकटतो, नेमकी त्यालाच ती जाऊन बिलगतात. किलोला ३.३३ युनिट, या पोराला ५०.

सिस्टरांनी दाताच्या प्रत्येक खुणेच्या कडेनं सुई खोल घातली, थोडं औषध सोडलं, बाहेर काढली, पुन्हा घातली. पोरानं आकांत मांडला.

"गोळी नाही का जी एखादी?" आईनं विचारलं.

गोळीच्या शोधात प्रयोगशाळा कधीच्याच आहेत. रिबाव्हिरिन काचेच्या बशीतल्या पेशींत विषाणूची वाढ रोखतं, पण रुग्णांना त्याचा गुण आला नाही. २००४ साली अमेरिकेत मिलवॉकीला एका मुलीला बेशुद्ध ठेवून हे औषध इतर औषधांसोबत दिलं आणि ती वाचली. पुढे तीच पद्धत अनेकांवर वापरली, बहुतेक दगावले. जपानमध्ये फ्लूसाठी निघालेलं फॅविपिराविर उंदरांना संसर्गानंतर लगेच दिलं तर उपयोगी पडतं, विषाणू मेंदूत पोचल्यावर नाही. लक्षणं दिसतात तोवर तर मेंदू व्यापलेला असतो, आणि रक्तातलं औषध तिथं सहजी शिरत नाही. या रोगात माणसाच्या हाती खरं यश आलं ते जखमेच्या तोंडाशीच, असं माझं मत.

रांगेतले एक आजोबा म्हणाले, "आमच्या वक्ती पोटात चौदा सुया टोचत." मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दोन्ही दंडांवर कातडीतच ०.१ मिलिलिटर, मसुरीएवढा फुगवटा येईल इतकं. पुढच्या सुया तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

शेवटची हमखास चुकते. तोवर जखम भरलेली असते, घरचे कापूस वेचायला गेलेले असतात. सिस्टरांनी कार्डावर तारखा घातल्या आणि आईच्या नंबराखाली गावच्या आशाताईंचाही नंबर लिहून घेतला.