आंब्याच्या वासाचा वायू आणि आकाशातली तार

केनेथ ओपेल या कॅनेडियन लेखकाची 'स्टारक्लाइंबर' ही किशोरांसाठीची कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. 'एअरबॉर्न' (२००४) आणि 'स्कायब्रेकर' (२००५) यांच्या पुढचा हा तिसरा भाग. या कादंबऱ्यांतले जग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळासारखे आहे, पण तिथे विमानांचा पत्ता नाही. आकाशात राज्य आहे ते एअरशिपचे, म्हणजे हलक्या वायूने भरलेल्या आणि इंजिनावर चालणाऱ्या प्रचंड लांबोळ्या जहाजांचे. एअरशिपवर केबिनबॉय म्हणून उमेदवारी केलेला मॅट क्रूझ आणि प्राणिशास्त्राचे वेड असलेली केट डी व्ह्रीज ही जोडी तिसऱ्या भागात अंतराळात निघते.

पण कशातून? एवढी एअरशिप हाताशी असताना लेखक त्यांना एअरशिपमधून पाठवत नाही. त्यांचे यान एका अतिलांब तारेवरून वर चढत जाते. हा निर्णय मला फार आवडला, कारण वर्गात हमखास विचारला जाणारा एक प्रश्न त्यातून उभा राहतो. फुगा आपोआप वर जातो, मग पुरेसा मोठा फुगा केला तर तो चंद्रापर्यंत का जाणार नाही? हा प्रश्न बावळटपणाचा मुळीच नाही. एडगर ॲलन पो याने १८३५ साली आपल्या नायकाला फुग्यातूनच चंद्रावर धाडले होते. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या ओळखीचा करून दिलेल्या ज्यूल व्हर्नने १८६५ साली फुगा सोडून तोफ धरली.

सुरुवात वायूपासून करू. ओपेलच्या एअरशिपमध्ये 'हायड्रियम' नावाचा काल्पनिक वायू भरलेला असतो. तो हायड्रोजनपेक्षाही हलका आहे आणि त्याला चक्क पिकलेल्या आंब्याचा वास येतो! वासाबद्दल आपली तक्रार नाही. हलकेपणाचा हिशेब मात्र फळ्यावर मांडून पाहण्यासारखा आहे. ॲव्होगाड्रोच्या नियमानुसार तापमान आणि दाब सारखे असतील, तर सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्याही सारखीच असते. म्हणून वजनांची तुलना करायला रेणुभार पुरतात. हवेचा सरासरी रेणुभार २९, हेलियमचा ४, हायड्रोजनचा २. फुग्याने जेवढी हवा बाजूला सारली तिच्या वजनाइतके प्लावक बल त्याला मिळते आणि आतल्या वायूचे वजन त्यातून वजा होते. म्हणजे २९ पैकी हायड्रोजन आपल्याला २७ देतो, हेलियम २५ देतो.

आता हायड्रियम कितीही हलका माना. त्याला वजनच नाही असे धरा. तरी तो २९ पैकी २९ देईल, त्याहून अधिक नाही. हायड्रोजनच्या तुलनेत ही वाढ साडेसात टक्क्यांच्याही आतली आहे. फुगा कशानेही भरा, किंवा कशानेच भरू नका (म्हणजे आत निर्वात पोकळी ठेवा), बाहेरच्या हवेच्या वजनापेक्षा जास्त उचल मिळणे शक्य नाही. उचल आतला वायू देत नाही, बाहेरची हवा देते. मुलांच्या मनात हे सहसा उलटे बसलेले असते आणि त्याचे कारण आपल्या बोलण्यातच आहे. 'हायड्रोजन फुग्याला वर नेतो' असे आपणच म्हणतो.

एखादी चौकस मुलगी विचारील, की हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, मग सुटे अणू भरले तर? भार १ होईल, उचल २८ होईल. हिशेब बरोबर आहे. पण सुटे अणू एकमेकांना भेटताच जोडी जमवतात आणि त्या वेळी भरपूर उष्णता बाहेर पडते. असल्या एअरशिपचे तिकीट मी तरी काढणार नाही.

मग लेखकाने हायड्रियम का निर्माण केला? माझा अंदाज असा, की त्याला हिंडेनबर्गची सावली नको होती. दोन लाख घनमीटर हायड्रोजन भरलेली ही जर्मन एअरशिप ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे उतरताना पेटली. आतल्या ९७ जणांपैकी ३५ आणि जमिनीवरचा एक असे ३६ जण गेले. मूळ आराखडा हेलियमचा होता, पण अमेरिकेने हेलियमच्या निर्यातीवर बंदी घातलेली होती. म्हणजे २७ आणि २५ मधला किरकोळ फरक सोसायला जर्मन अभियंते तयार होते. वायूच मिळाला नाही.

आता उंचीकडे वळू. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वजन सव्वा किलोच्या जवळपास असते. वर जाताना ते झपाट्याने घटते आणि ढोबळमानाने दर पाच-सहा किलोमीटरला निम्मे होते. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तिथून २० एप्रिल २००५ रोजी एक फुगा सोडला गेला आणि त्याने ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. त्याचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट होते, म्हणजे सुमारे साडेसात लाख घनमीटर, हिंडेनबर्गच्या जवळजवळ चौपट. हिंडेनबर्ग जमिनीलगत सुमारे २४५ टन हवा बाजूला सारत असे. हा चौपट फुगा ४१ किलोमीटरवर जेमतेम अडीच टन हवा सारतो. तेवढ्यात फुग्याचे प्लास्टिक, वायू आणि उपकरणे, सगळे बसवायचे.

असे फुगे उडताना पाहिले तर ते फसल्यासारखे वाटतात. वर थोडासा गोळा आणि खाली लोंबणारे लांबच लांब प्लास्टिक. साडेसात लाखांच्या फुग्यात जमिनीवर जेमतेम दोन-अडीच हजार घनमीटर वायू असतो. वर दाब कमी झाला, की तो साडेतीनशे पटींच्या आसपास फुगतो आणि मग फुगा पूर्ण गोल दिसतो.

फुगा आणखी मोठा केला तर? जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली ३.४ मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकचा फुगा करून ५३ किलोमीटर गाठले. हाच कागद घेऊन आपण अंतराळाची मानलेली सीमा, म्हणजे १०० किलोमीटर, गाठायचे ठरवू. तिथे एक घनकिलोमीटर हवेचे वजन अर्ध्या टनाहून थोडेच जास्त भरते. एक घनकिलोमीटरच्या गोलाचा पृष्ठभाग ४.८४ चौरस किलोमीटर. त्याला लागणाऱ्या त्या तलम प्लास्टिकचेच वजन पंधरा टन! दहावीच्या मुलांना पृष्ठफळाचे सूत्र येते, घनता सांगितली (०.९२) की उरलेले ती स्वतः काढतील. हवेच्या आधाराने वर जाणाऱ्याला हवा संपते तिथेच थांबावे लागते.

म्हणून तार. कादंबरीत एक चुरस आहे. फ्रेंच लोक पॅरिसमध्ये अंतराळापर्यंत जाणारा मनोरा बांधत आहेत आणि कॅनडाचे लोक तारेच्या मागे आहेत. या दोन्ही कल्पना खऱ्या इतिहासातल्या आहेत. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांनी १८९५ साली, आयफेल मनोऱ्यावरून सुचून, आकाशात हजारो किलोमीटर जाणाऱ्या मनोऱ्याची कल्पना मांडली. पुढे १९६० साली लेनिनग्राडचे अभियंते युरी आर्त्सुतानोव यांनी ती उलटी केली. खालून बांधत जाण्याऐवजी भूस्थिर कक्षेतून, ३५,७८६ किलोमीटरवरून, दोर खाली सोडायचा आणि तोल राखायला दुसरे टोक आणखी वर न्यायचे. मनोऱ्यातला तळाचा दगड वरच्या भाराने चिरडतो. दोराला फक्त ताण सोसायचा असतो. विहिरीत पोहरा सोडतो तसेच हे, फक्त रहाट आकाशात. आर्थर क्लार्क यांच्या १९७९ च्या 'द फाउंटन्स ऑफ पॅराडाइज' या कादंबरीमुळे ही कल्पना सर्वदूर पोहोचली.

हा दोर खाली का पडत नाही? तो पृथ्वीबरोबर दिवसाला एक फेरी मारतो. भूस्थिर कक्षेच्या खालच्या भागात गुरुत्वाकर्षण वरचढ, वरच्या भागात अपकेंद्री बल वरचढ. दोन्हीकडून ताणला गेल्याने दोर उभा राहतो. अपकेंद्री बलाची दिशा पृथ्वीच्या अक्षापासून दूर जाणारी असते आणि विषुववृत्तावरच ती नेमकी 'वर' असते. पॅरिस आहे ४९ अंश उत्तरेला. तिथे दोर बांधला तर तो कुठे झुकेल, हे मुलांना आकृती काढून विचारावे.

तारेवरच्या प्रवाशांचे वजन हा याहून चांगला प्रश्न. अंतराळात गेले की माणूस तरंगू लागतो, असा समज मुलांत आणि मोठ्यांतही पक्का आहे. समजा तारेवरचे यान ४०० किलोमीटरवर थांबले. ही अंतराळ स्थानकाची उंची. जमिनीवर ५० किलो भरणारा विद्यार्थी तिथे वजनकाट्यावर उभा राहिला तर काटा किती दाखवील? सुमारे ४४ किलो! तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीच्या ८८ टक्के असते. स्थानकातले लोक तरंगतात, कारण ते सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीभोवती सतत पडत असतात. तारेवरचा विद्यार्थी पडत नाही, तार त्याला धरून असते. वजन निम्मे व्हायला त्याला २,६०० किलोमीटर चढावे लागेल आणि पुरते नाहीसे व्हायला थेट भूस्थिर कक्षा गाठावी लागेल. साडेतेवीस हजार किलोमीटरच्या खाली त्याने तार सोडली, तर तो कक्षेत फिरत न राहता वातावरणात येऊन कोसळेल.

आणि तार कशाची करायची? उत्तम पोलादी तार टांगली तर २५ किलोमीटरच्या आसपास स्वतःच्याच वजनाने तुटते. उंचीबरोबर गुरुत्वाकर्षण कमी होते हे धरूनही, भूस्थिर कक्षेपर्यंतच्या दोरावरचा ताण जमिनीलगत टांगलेल्या ४,९०० किलोमीटर लांबीच्या दोराइतका भरतो. वर जाडी वाढवत नेणे हा उपाय आहे, पण पोलादाच्या बाबतीत वरच्या टोकाचा छेद खालच्यापेक्षा किती पट हवा? १ वर ८२ शून्ये. एवढे पोलाद विश्वात नाही. १९९१ साली सुमिओ इइजिमा यांच्या शोधनिबंधामुळे कार्बनच्या नॅनोनलिका प्रकाशात आल्या आणि त्यांच्या बळावर हे गणित प्रथमच कागदावर जमू लागले. २०१३ साली चीनमध्ये तयार झालेली सर्वांत लांब नलिका अर्ध्या मीटरहून थोडी मोठी होती.

हैदराबादच्या त्या फुग्यात काय होते, ते सांगायचे राहिले. केट अंतराळात निघते ती तिथे काही सजीव आहे का हे पाहायला, आणि तो फुगाही त्याच शोधावर गेला होता. जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख होते. द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या निर्जंतुक पोलादी नळ्यांनी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली आणि त्या पॅराशूटने खाली आल्या. हैदराबाद आणि पुणे अशा दोन ठिकाणी स्वतंत्र तपासणी झाली. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. त्यांतल्या तीन जिवाणूंच्या जाती अगदी नव्या निघाल्या आणि त्या अतिनील किरणांना विशेष दाद न देणाऱ्या होत्या. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही, हे २००९ साली निष्कर्ष जाहीर करतानाच स्पष्ट करण्यात आले. नव्या जातींपैकी एकीला फ्रेड हॉइल यांचे नाव मिळाले, दुसरीला इस्रोचे आणि तिसरीला आर्यभटाचे.