साखर जेव्हा औषध होते

मधुमेह्याच्या घरी साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, आणि ते योग्यच होय. परंतु कधी तोच डबा धावत जाऊन खाली काढावा लागतो. तो प्रसंग घरातील मुलांनीही ओळखला पाहिजे.

१९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला, आणि १९२२ पासून असंख्य मधुमेह्यांस जीवदान मिळाले. इन्शुलिन व मधुमेहावरील काही गोळ्या रक्तातील साखर उतरवितात. मात्र औषध घेतले आणि जेवण चुकले, किंवा अंगमेहनत अधिक झाली, तर ती फाजील उतरते. १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमहून कमी साखर ही धोक्याची सूचना होय.

प्रथम घाम सुटतो, हात कापतात, छाती धडधडते, भूक लागते. साखर हे मेंदूचे मुख्य इंधन. ते आणखी घटले की माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, अखेर बेशुद्ध पडतो.

एका एकादशीस माझी आजी गोळी घेऊन निराहार राहिली. दुपारी ती घामाने भिजली व उगीच आम्हांवर रागावू लागली. उपवासाचा त्रास असेल, असे आम्ही समजलो. मधुमेह्यास साखर द्यावयास कोणी धजेना. शेजारच्या परिचारिकाबाईंनी साखरपाणी पाजले. पाव तासाने आजी आम्हांस नावाने हाका मारू लागली.

रोगी शुद्धीवर असून त्यास गिळता येत असेल, तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी रक्त तपासावे. साखर कमीच असल्यास पुन्हा तितकीच द्यावी. शाहपूरच्या शिवारात केळी विपुल आणि बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी प्रसिद्ध. परंतु या घटकेस साखरपाणीच बरे. मावा व तूप यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. बरे वाटल्यावर केळे किंवा भाकरी द्यावी. गोळ्यांच्या प्रभावाने साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून डॉक्टरांस अवश्य कळवावे.

रोगी बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. त्यास कुशीवर वळवून तत्काळ रुग्णालयात न्यावे.

अशा वेळी रोग्यास स्वतःची अवस्था उमगतेच असे नाही. म्हणून हे ज्ञान त्याच्याइतकेच घरच्यांस हवे. साखरेचा डबा कोठे आहे, हे आज घरी गेल्यावर पाहून ठेवा.