अर्धे राहिलेले ताट

आपल्या घरातील मधुमेही ज्येष्ठ व्यक्ती रुग्णालयात दाखल असेल, तर तिच्या उशाशी बसणाऱ्या आपणांस एक गोष्ट ठाऊक असायलाच हवी. जेवणाआधीचे इन्शुलिन हे ताटातील अन्न पोटात जाणार, असे गृहीत धरून दिलेले असते. रुग्णाने दोन घास खाऊन ताट दूर सारले, तर रक्तातील साखर झपाट्याने उतरू शकते. म्हणून जेवण अर्धे राहिले, उलटी झाली किंवा तपासणीसाठी उपाशी राहावे लागले, तर परिचारिकेस तत्काळ सांगावे.

दरदरून घाम, हातांची थरथर, असंबद्ध बोलणे ही धोक्याची चिन्हे होत. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असून रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात. बेशुद्ध रुग्णाच्या मुखात मात्र काहीही घालू नये.

साखर वाढेल या धास्तीने रुग्णास अर्धपोटी ठेवणे हीदेखील चूकच. आजारपणाच्या ताणानेही साखर वाढते; जखम भरण्यास तर प्रथिने हवीतच. मुगाचे वरण, दही, पनीर, चालत असल्यास अंडे यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्यांचे प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतील. घरचा डबाही त्यांना विचारूनच आणावा.

ताट उचलले जाण्यापूर्वी त्यात काय उरले, हे एकदा अवश्य पाहावे. शुश्रूषेचा तोही एक भागच आहे.