चाकाऐवजी पट्टा

१९३४ चा हिवाळा. कॅनडातल्या व्हालकूर गावी जोसेफ-अर्मां बोम्बार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाने बुजलेले; इस्पितळात न्यायचे कसे? बापाने १९३७ मध्ये बर्फावर पट्ट्याने चालणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले.

आता हौशी मंडळी तसाच रबरी पट्टा डर्ट बाइकला बसवतात. पुढचे चाक काढून स्की, मागचे काढून पट्टा. गाडी कोणती घ्यावी? बहुतेकांची पसंती ४५० सीसीच्या फोर-स्ट्रोकला. भुसभुशीत बर्फात पट्टा ओढताना २५० सीसीला धाप लागते. फ्युएल इंजेक्शन हवे, कारण उंचावर हवा विरळ. कार्ब्युरेटरचे जेट बदलत कोण बसणार? आणि बटनस्टार्टही हवाच. मांडीएवढ्या बर्फात किक मारायला पाय टेकायचा कुठे?

गंमत पुढेच आहे. आपल्याला घाटात इंजिन तापण्याची धास्ती, त्यांना ते न तापण्याची! गार इंजिनात न जळलेले पेट्रोल तेलात उतरते. म्हणून थर्मोस्टॅट बसवतात, रेडिएटर झाकतात.

संच स्वस्त नसतो. बँकेत कर्जाचे अर्ज तपासत असताना मी विचारलेच असते, 'उन्हाळ्यात याचे काय?' उत्तर सोपे आहे: संच उतरवून चाके पुन्हा चढवायची.

हिमकडे कोसळण्याची भीती मात्र गाडी सुधारून जात नाही. अंगावर संदेशयंत्र, पाठीवर फावडे आणि शोधकाठी हवी. शिवाय सोबती हवा. गाडला गेलेला माणूस स्वतःला उकरू शकत नाही.